कासुर्डीच्या आबांचं पाणी

सन १९७३. मला तेविसावं लागलेलं. शिरूरच्या स्टँडवर दौंडची गाडी लागली तवा वडलांनी माझी पिशवी टपावर टाकू दिली न्हाई, मांडीवर ठेवली. म्हणाले, "तिथं कुणापुढं ओंजळ धरू नगंस. भांड्यातनं दिलं तर पी, न्हाईतर तसाच ऱ्हा." आमची वस्ती बौद्धांची. गावात आम्हाला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. तुम्ही वस्तीत मागं राहिलेले भाऊबंद हे जाणताच.

दौंडला एका दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलो. शाळा तिसरीपर्यंत, पण माझ्या कामात खोट काढायची कुणाची बिशाद न्हवती. पुरुषांच्या वॉर्डात तीस खाटा, आन् पेशंटला हाक मारायची ती नंबरानं. मला ते लई आवडलं. नंबराला आडनाव नसतं.

आमच्या कमल सिस्टर मात्र नावानं बोलवायच्या. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कुणाला चहा सोसत न्हाई, सगळं वहीत लिहायच्या. बाकीच्या सिस्टर हसायच्या, "कमल, तीस जणांचे लाड करायला हात कुठून आणणार?" त्या म्हणायच्या, "लाड नाहीत गं. माणूस ठाऊक नसला की काम दुप्पट होतं." मी मनातनं हसणाऱ्यांच्या बाजूचा. नाव विचारलं की गाव विचारणार, आन् गावामागनं जात आलीच.

तशात कासुर्डीचे एक बागायतदार आबा दाखल झाले. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं, उठायची सोय न्हाई. मी पेला धरला की तोंड फिरवायचे. "ठिव तिकडं." तीन दिवस पेला तसाच. ओठ फुटले, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "पाणी पोटात गेलं नाही तर किडनी बसेल." कारण मला कुणी सांगायची गरज न्हवती. मी सिस्टरना तोंडावर म्हटलं, "त्यांना माझ्या हातचं चालत न्हाई. त्यांच्यासाठी दुसरा माणूस लावणार असाल, तर मी आजच्या गाडीनं घरी जातो."

"तसं असेल तर दुसरा माणूस मिळणार नाही त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "पण तू विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं?"

त्या स्टूल ओढून आबांच्या उशाशी बसल्या. मला शेजारी उभं केलं. "आबा, पाणी का नको?"

आबा छताकडं बघत पुटपुटले, "प्यालं की उतरतंय, बाई. मग ह्यो पोरगा लघवीचं भांडं घिऊन येणार, आन् समदा वॉर्ड टकामका बघणार. शिवारातसुदिक आडोशाबिगर बसलो न्हाई मी कवा."

"म्हंजी माझ्या हातचं..." मी बोललोच.

"तुझ्या कशाला, कुणाच्याच हातचं पीत न्हाई. डोळं हायेत का न्हाईत तुला?"

खरंच होतं. सिस्टरनी ठेवलेला पेलाही भरलेलाच असायचा. मला फक्त माझा दिसला होता.

त्यांच्या कासुर्डीत त्यांनी मला भांड्यातनं पाणी दिलं असतं का? ठाऊक न्हाई. मीही विचारलं न्हाई. वडलांचं बोलणं मी आजही खोटं मानत न्हाई; गाव तसंच होतं. पण गेली पन्नास वर्षं मी दौंडातच हाय. माणसाला काय होतंय ते अंदाजानं न धरता जिथं कुणी विचारतं, त्याला मी घर म्हणतो. गावात माझं नाव समद्यांना पाठ होतं, तरी कुणी विचारलं न्हवतं.

सिस्टरना मात्र मी 'चुकलो' असं म्हटलं न्हाई. तो आपला स्वभाव न्हाई. दुसऱ्या दिवशी उजाडताच ड्रेसिंगच्या खोलीतला चाकाचा पडदा ओढत आणला. आमच्या वॉर्डाला तेवढा एकच होता. आबांच्या खाटेभोवती लावला, भांडं दिलं आन् बाहेर पाठ करून उभा राहिलो. शेजारच्या खाटेवरचा मान लांब करायला लागला, त्याला दम दिला. भांडं धुऊन आलो, हात धुतले, पेला भरून आबांच्या तोंडाला लावला. त्यांनी एका दमात रिकामा केला आन् म्हणाले, "आणिक दे." मी दुसरा भरला.