जुळाऱ्याची जागा

धाराशिवच्या ज्या इमारतीत आमचे साप्ताहिक छापले जाई, तिचे रूप आता पालटत आहे. खाली दुकानांचे गाळे, मधल्या मजल्यावर कार्यालये, वर राहण्यासाठी सदनिका. काम पाहणाऱ्या आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. "प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत छपाईचे जुने खिळे मांडतोय, सर. खाली दोन ओळी द्याल? इथं कोण काय काम करायचं, एवढंच." मी होकार दिला आणि आठ दिवस मला एकही ओळ सुचली नाही.

खिळे म्हटले की मला एकच माणूस दिसतो. आमचे जुळारी. सगळे त्यांना मामा म्हणत. खिडकीशी त्यांची केस असे, खिळ्यांच्या लहान लहान खणांची ती उतरती लाकडी मांडणी. मजकुरावरची नजर न काढता ते एकेक अक्षर उचलत आणि ओळ जुळवत. दुपारी यंत्र थांबले की शाईचा आणि रॉकेलचा वास खोलीभर स्थिरावे. त्या वासासाठी मी आजही व्याकूळ होतो, आणि त्या व्याकुळतेवर आपला हक्क आहे का, असा प्रश्न लगेच पडतो.

मी तेव्हा चोविशीतला उपसंपादक होतो. परिसरातल्या प्रतिष्ठितांच्या छायाचित्रांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे धातूचे ठसे, एका ड्रॉवरमध्ये असत, मागे नावाची चिठ्ठी चिकटवलेली. एका निवृत्त गुरुजींची निधनवार्ता आली. मी घाईत ब्लॉक काढून मामांना दिला. चिठ्ठीवरचे आडनाव तेच होते, पण चेहरा त्यांच्या हयात चुलतभावाचा. मामांनी प्रूफ आणून दिले आणि म्हणाले, "भाऊ, चेहरा तेवढा बघून घ्या." मला चहाला जायचे होते. मी न पाहता सही केली.

अंक निघाला आणि चुलतभाऊ स्वतः अंक काखेत मारून आले. "मेलोय म्हणता, तर तेराव्याचं जेवण तरी घाला की!" ते हसत होते. त्यांच्यामागे गुरुजींचा मुलगा उभा होता. तो हसत नव्हता.

संपादकांनी दारातूनच विचारले, "ब्लॉक कुणी दिला?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, ते फक्त थांबले होते. मी पुढच्या पानाच्या प्रूफात डोके घातले. मग मामा म्हणाले, "माझ्याच हातनं बसला, साहेब."

त्याच आठवड्यात त्यांचे काम सुटले आणि ते लोहाऱ्याकडच्या आपल्या गावी गेले. पुढे ऑफसेट आले. खिळे जाणारच होते, मामांचे कामही जाणारच होते, असे मी तीस वर्षे मनाला समजावत आलो. ते खरे होते, आणि त्यामुळे माझे मौन तिळभरही हलके झाले नाही.

शेवटी मी लोहाऱ्याची एसटी धरली. मामा म्हशीच्या गोठ्यापुढच्या ओट्यावर तूर निवडत बसले होते. बोटे तशीच, न पाहता चालणारी.

"भाऊ का? डोक्यावरचं सगळं कुठं गेलं वो?"

मी खाली बसलो आणि सगळे सांगून टाकले.

"ठावं हाय की. ड्रॉवर तुमीच उघडला व्हता."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताव का, ते बघत व्हतो." त्यांनी सूप बाजूला सारले. "इथं म्हशीपुढं बोलून काय उपेग? जिथं बोलायचं व्हतं, तिथं चला."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन आलो. खिडकीच्या जागी आता शटर होते आणि फरशी बसवण्याचे काम चालले होते. मामा पावलांनी अंतर मोजत गेले आणि एके ठिकाणी थांबले. "इथं माझी केस. तुमी तिथं. साहेब त्या दारात. हं, बोला."

मी दाराकडे तोंड करून म्हणालो, "साहेब, ब्लॉक मी दिला. प्रूफवर सही माझी आहे. मामांची चूक नाही."

फरशी कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केले. "काय म्हणलाव, काका?"

मला ते पुन्हा म्हणावे लागले, अधिक मोठ्याने.

"आता आलं ऐकू," मामा म्हणाले.

दारात कोणी नव्हते. संपादक जाऊन बरीच वर्षे झाली, गुरुजींचा मुलगा कुठे असतो ते मला ठाऊक नाही. ज्यांनी ऐकायला हवे होते ते सगळे निघून गेल्यावर मी बोललो होतो.

तिथेच सिमेंटच्या पोत्यांवर बसून मी आर्किटेक्ट बाईंसाठी दोन ओळी लिहिल्या. या खोलीत एक जुळारी उभा राहत असे, त्याचा हात चुकत नसे. मामांनी कागद उजेडाला धरून सावकाश वाचला आणि परत माझ्या हाती दिला.

"सही करा खाली," ते म्हणाले. "पर आधी वाचा."

मी वाचले. मग सही केली.