कोरम मोडायचा नाही

माझ्या बी.एड.च्या वर्गात एक विद्यार्थी असा होता, ज्याने कधी फी भरली नाही आणि परीक्षाही दिली नाही.

तो आज पहाटे गेला.

माझे सासरे. कवठे येमाईत सगळे त्यांना आबा म्हणायचे. मीही.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. मुलं जरा मोठी झाल्यावर, उशिरा का होईना, शिरूरच्या कॉलेजात बी.एड.ला नाव घातलं होतं. एस.टी.ने जायचे, मैत्रिणींबरोबर डबा खायचे, मजेत होते.

मग कॉलेज बंद झालं आणि सगळा अभ्यास मोबाईलमध्ये आला.

घरात रेंज नाही. रेंज फक्त कांद्याच्या चाळीपाशी. चाळीसमोर खाट टाकली, पालथ्या घमेल्याला फोन टेकवला, आणि माझं कॉलेज तिथे सुरू झालं.

आबा तिथेच कांदा निवडत बसायचे. आधी लांबून ऐकायचे. मग हळूहळू खाटेवर आले.

त्यांनी अर्धं आयुष्य गावच्या सोसायटीत संचालक म्हणून काढलेलं. सभा म्हणजे जीव की प्राण. लॉकडाऊनमध्ये सभाच बंद झाल्या आणि माणूस नुसता कोमेजला.

शेवटी त्यांनी माझ्या लेक्चरलाच सभा मानलं.

धुतलेली टोपी घालून वेळेवर हजर. मला गाऊनवर बघून म्हणाले, "मनीषा, सभेला असं येत्यात व्हय?"

"आबा, कॅमेरा बंद आहे. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय की."

मी गुपचूप साडी नेसून आले.

मानसशास्त्राच्या मॅडम शिकवायच्या. समोर सगळे काळे चौकोन. एकदा विषय होता, विद्यार्थ्याची प्रेरणा. मॅडमनी जीव तोडून शिकवलं आणि विचारलं, "पटतंय का सगळ्यांना?"

सगळ्यांचे माइक बंद.

माझा माइक चुकून चालू राहिला होता. शेजारून खणखणीत आवाज गेला, "मंजूर."

सभेत ठराव वाचून झाला की असंच म्हणायचं असतं. सवय.

मी फोन पालथा घालणार, तेवढ्यात कुणीतरी हसलं. मग एकेक माइक सुरू झाला. "मंजूर, मॅडम." "आमचंही मंजूर." त्या दिवसापासून आमचा तास मंजूर होऊनच संपायचा.

पण हसू किती दिवस पुरणार?

पुढचं सत्र आलं, तेही ऑनलाइन. एक फोन मुलाला हवा, एक मुलीला. माझी निम्मी लेक्चर्स बुडायची. एकटीने वाचायला बसले की डोळे मिटायचे. मैत्रिणी एकेक करून दिसेनाशा झाल्या. हे सगळं कशासाठी चाललंय, तेच कळेना.

एकदा भाकरी थापता थापता ह्यांना म्हटलं, "मी कॉलेज सोडतेय."

हे म्हणाले, "तुझी मर्जी."

आबा ओसरीवर होते. म्हणाले, "सोड. पण आजच्याला बस. आन् आभार झाल्याबिगर उठू नको."

ही त्यांची जुनी खोड. आभारप्रदर्शन सुरू झालं की सगळी सभा चपला शोधायला लागते. आबा मात्र बसून राहायचे. "आभार मानणारा बी माणूसच हाय. त्याच्या तोंडासमोरनं कसं उठायचं?"

तास संपला. मॅडम धन्यवाद म्हणाल्या. सगळे पटापट बाहेर पडले. माझं बोट लाल बटणावर.

"थांब," आबा म्हणाले.

मॅडमना वाटलं, सगळे गेले. त्यांनी चष्मा काढला आणि कपाळ हातात धरून तशाच बसल्या.

मग त्यांना माझं नाव दिसलं.

"मनीषा? तुम्ही आहात अजून?"

"हो मॅडम."

"बरं झालं थांबलात. रोज वाटतं, भिंतीशी बोलतेय. उद्यापासून नुसतं रेकॉर्डिंग पाठवावं म्हणते."

कॉलेज सोडतेय, हे सांगायलाच मी तोंड उघडलं होतं.

पण मी म्हणाले, "नको मॅडम. मी येते की उद्या."

फोन बंद झाला. आबा मांडीवरची कांद्याची सालं झटकत म्हणाले, "बघितलंस? ती बाई बी एकलीच बसलीय. तू उठलीस तर कोरम मोडंल. सभा तहकूब."

"एका माणसाचा कुठे कोरम असतो, आबा?"

"एका कसा? मी हाय न्हवं."

खरं सांगते, मला प्रेरणा वगैरे काही मिळाली नाही. मी फक्त रोज कोरम भरायला बसत गेले. घरात फोनवरून भांडण झालं की आबा अध्यक्षांच्या थाटात निकाल द्यायचे, "आईचा विषय आधी घ्या." मुलं कुरकुरत फोन आणून द्यायची.

मॅडमनी रेकॉर्डिंग कधीच पाठवलं नाही. वर्षभर समोर बसून शिकवलं.

निकाल लागला तो आबांना फोनवर दाखवला. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मंजूर."

आज मी शाळेत शिकवते. तास संपल्यावर एखादं पोर बाकावर रेंगाळलं की मीही थांबते.

दुपारी स्मशानभूमीत खूप जण बोलले म्हणे. आम्ही बायका घरी होतो. हे परत आल्यावर विचारलं, "आभार कुणी मानले?"

हे म्हणाले, "अशा वेळी आभार कोण मानतं?"

म्हणून इथे मानते, आबा.

त्या खाटेचे. धुतलेल्या टोपीचे. तुमच्या त्या एका 'थांब'चे. मॅडमच्या वतीनेही मानते, त्या दिवशी खाटेवर कोण बसलं होतं ते त्यांना ठाऊक नाही.

लोक पांगलेत. चाळीसमोर मी एकटीच बसलेय.

झाले आभार, आबा.

आता उठा तुम्ही.