चकतीच्या पाठीवरचा आकडा

मंगळवारी दुपारी आलेख आला तेव्हा नऊपैकी सात बिंदू एका चढत्या रेषेवर होते. पहिला आणि नववा, म्हणजे सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या थराचा, असे दोन बिंदू भलतीकडेच होते.

नमुने आर्क्टिकमधले होते. बॅरेंट्स समुद्राच्या तळाखाली खोदलेल्या एका विहिरीतून निघालेला वाळूच्या दगडाचा चुरा नऊ बाटल्यांतून अबू धाबीतल्या आमच्या प्रयोगशाळेत आला होता. हा गाळ त्या समुद्राच्या खोऱ्यात आला कुठून, एवढेच विचारलेले होते. उत्तर वाळूतच असते. तिच्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण असतात, साखरेच्या दाण्याहून बारीक. डोंगर झिजतो, नदी नाहीशी होते, हा कण टिकतो आणि स्वतःचे जन्मवर्ष आत जपून ठेवतो. वय कळले की डोंगर कळतो. सुमारे तीस कोटी वर्षांचा कण असेल तर तो बहुधा पूर्वेकडच्या उरल पर्वतातून आलेला. चाळीस कोटींच्या पलीकडचा असेल तर पश्चिमेच्या, नॉर्वेकडच्या डोंगरांतून.

मी तिथे अहवाल लिहितो. त्याआधी मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होतो. बातमी कुठून आली हे विचारल्याशिवाय ती पानावर घ्यायची नाही, एवढे एक काम मला नीट येत होते. इथे बातमीच्या जागी वाळू होती.

कण निवडण्याचे काम आपांकडे होते. आपा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या. शाळा मराठी, लग्नानंतर आखातात. सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर चुरा पसरायचा, बारीक सुईने एकेक झिरकॉन उचलायचा, चिकटपट्टीवर ओळीने लावायचा आणि वरून रेझिन ओतायचे. सुकले की नाण्याएवढी चकती तयार होते. ती लेझरच्या यंत्राखाली जाते आणि वय बाहेर येते. या कामाला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आपा म्हणत, ‘तांदूळ निवडतेय.’ मला त्या पेपरवाले म्हणत.

आमचे प्रमुख इजिप्तचे. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यांनी आलेख भिंतीवर लावला. खालून वर जाताना उरलचे कण वाढत होते. आठव्या नमुन्यात अगदी थोडे, सातव्यात जरा जास्त, असे दुसऱ्यापर्यंत. मात्र तळाच्या नवव्या नमुन्यात, जिथे ते जवळपास नसायला हवेत, तिथे ते सगळ्यांत जास्त होते. आणि माथ्याच्या पहिल्यात एकही नव्हता.

“चकत्यांची अदलाबदल?” त्यांनी लेझर चालवणाऱ्याला विचारले. तो केरळचा, पन्नाशीचा, मोजून बोलणारा. म्हणाला, “सर, स्टिकर चेक किया. कंप्युटर में भी वही है.”

डॉक्टरांनी तारखा पाहिल्या. पहिली आणि नववी, या दोन चकत्या एकाच दिवशी बनल्या होत्या, आणि त्या दिवशी बाहेर धुळीचे वादळ होते. मग त्यांनी दोन शक्यता मांडल्या. नवव्यात बाहेरचे किंवा दुसऱ्या नमुन्याचे कण मिसळले. पहिल्यात निवडणाऱ्याने दिसायला चांगले तेवढेच उचलले आणि बाकीचे सोडले. दोन्ही शक्यता एकाच हाताकडे बोट दाखवत होत्या. यापुढे निवड हाताने नको, यंत्र घेऊ, असे ते म्हणाले. निर्णय पुढच्या आठवड्यात. आपांचा करार त्याच महिन्यात नवा व्हायचा होता.

आपा जिन्यात भेटल्या. “माझ्या ताटात वाळवंटाची वाळू आली तर मला कळणार नाही? ती गोल असते, वाऱ्याने घासून घासून. डोळ्यावर मळभ आल्यासारखी. मी हे चेहरे ओळखते, पेपरवाले.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, इन्शाल्ला बघू.” त्या थांबल्या. “शनिवारी जेवायला येताय ना? ते मात्र खलास नाही झालेलं.”

आपा आठवडाभर खलिफा सिटीत खोली करून राहत आणि सुट्टीला शारजात, अल मजाजच्या घरी जात. त्यांनी पत्त्याची चिठ्ठी दिली. शनिवारी मी मुलीला घेऊन निघालो. ती दहा वर्षांची. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते, देवनागरी वाचता येत नाही. इमारतीच्या लिफ्टमध्ये मी हातातला मिठाईचा डबा सांभाळत चिठ्ठी तिच्याकडे दिली आणि मजल्याचे बटण दाबायला सांगितले.

“पप्पा, देअर इज नो नाइन्टी-टू.”

“बारा आहे ते.”

“नो. दिस इज अ नाइन.” तिने बोट ठेवले. “ओन्ली थर्टी फ्लोअर्स, पप्पा. युअर फ्रेंड इज जोकिंग.”

चिठ्ठीवर आपांच्या अक्षरात ‘१२’ लिहिले होते. मी त्यातल्या एकच्या आकड्याकडे पाहिले. वर गोल, खाली शेपटी. बारावा मजला आला, दार उघडले, मिटले, आणि आम्ही परत खाली गेलो, कारण मी बाहेर पडलोच नव्हतो.

जेवणात सुरमईचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मी भाकरी मोडण्याआधी विचारले, “आपा, त्या दोन चकत्या. नंबर कशाने घातलेत?”

“सुईने. सात चकत्या झाल्या आणि स्टिकरचा रोल संपला. मागच्या बाजूला कोरले.”

“पहिली चकती इतकी उशिरा का?”

“पहिली आणि शेवटची मी नेहमी मागे ठेवते. नजर बसल्यावर करते. महत्त्वाच्या त्याच असतात.”

“आकडे कुठले कोरलेत?”

“कुठले म्हणजे? एक आणि नऊ.”

“मराठी की इंग्रजी?”

आपांच्या हातातला डाव कालवणाच्या भांड्यावर थांबला. मी चिठ्ठीच्या मागे ९ काढला आणि मुलीपुढे धरला. “हे काय आहे?”

“आय डोन्ट नो. इट्स नॉट अ नंबर.”

“आणि हे?” चिठ्ठी उलटून १ दाखवला.

“नाइन. आय टोल्ड यू.”

आपा खाली बसल्या. “मराठीतच कोरले असणार. हात एकटा असला की मराठीतच चालतो.” मग हळूच, “म्हणजे लेझरवाल्याने एकाला नऊ वाचलं, आणि दुसरा आकडा कळला नाही म्हणून तो एक.”

“आणि नवा रोल आल्यावर तसेच स्टिकर लावले. त्याच कोरलेल्या आकड्यावर.”

त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आले आणि मग ते गेले. आकडे इंग्रजीतच घालावेत, अशी सूचना त्यांच्याच टेबलासमोर भिंतीवर होती. “म्हणजे चूक माझीच.”

“निवडण्यात नाही.”

“डॉक्टरांना ते वेगळं वाटेल का?” त्यांनी कालवण वाढले. “मी सांगते त्यांना. तुम्ही नुसते बाजूला उभे राहा. तुम्ही बोललात तर म्हणतील, दोघं एका मुलखाचे.”

सोमवारी आपांनी हिंदी आणि इंग्रजी मिसळून सगळे सांगितले. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवले नाही. लेझरवाल्याने स्पिरिटचा बोळा घेतला, स्टिकर भिजवले आणि सोलले. दोन्ही चकत्यांच्या पाठीवर एकेक बारीक कोरलेला आकडा निघाला.

“हा नऊ आहे,” डॉक्टर त्यातल्या एका आकड्याकडे पाहून म्हणाले.

“मेरे को भी नाइन ही दिखा, सर.”

“हा एक आहे,” आपा म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “आणि तुम्हीही तेच म्हणणार. तुम्ही तिच्याच भाषेचे.”

मी पाकिटातून दहा रुपयांची भारतीय नोट काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर दहाचा आकडा दोन्ही लिप्यांत छापलेला आहे. डॉक्टरांनी नोट भिंगाखाली धरली, मग चकती धरली, मग पुन्हा नोट. त्यांनी कागदावर एक लहान गोल काढला. “आमच्याकडे हा पाच आहे,” ते म्हणाले. “परदेशात लोक याला शून्य वाचतात. यावरून माझं एकदा विमान चुकलंय.” लेझरवाला हसला. डॉक्टर हसले नाहीत. “नोट ठीक आहे. पण आलेखाला सोयीची चूक मला नको. मला कण हवेत.”

नवव्या बाटलीवरचे लेबल छापील होते, विहिरीवरूनच आलेले. तिच्यात चिमूटभर चुरा उरला होता. तो वाया गेला की त्या थराचा आणखी कण मिळणार नव्हता.

आपांनी हात धुतले, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि म्हणाल्या, “दार लावा. धूळ येते.” मी दार लावले. डॉक्टर त्यांच्या मागे उभे राहिले. पंखा बंद होता. सुई खाली जायची, क्षणभर थांबायची, वर यायची. त्या सुंदर कण शोधत नव्हत्या. वाटेत येईल तो घेत होत्या. वाकडा, तुटका, गढूळ, सगळे. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर ते पाहिले आणि काहीतरी अरबीत पुटपुटले. वीस कण झाले तेव्हा आपांनी मान वर केली. “बस?”

“बस.”

चकती सुकायला रात्र गेली. मंगळवारी सकाळी आम्ही चौघे लेझरच्या खोलीत होतो, जिथे एरवी दोघांचीच जागा असते. यंत्र एका कणावर ठिणगी टाकायचे, मग पडद्यावर आकडे स्थिरावायला थोडा वेळ जायचा. लेझरवाला वाचत होता. “ओल्ड.” पुढचा. “ओल्ड.” पुढचा. पाचव्या कणाला आकडा बराच वेळ डुलत राहिला आणि आपांनी माझी बाही धरली. “ओल्ड, सर.” दहावा, अकरावा. डॉक्टर बोटांवर मोजत होते आणि बोटे संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. विसावाही जुना निघाला. उरलचा एकही नव्हता. तळाच्या थरात तो नसायलाच हवा होता.

लेझरवाल्याने संगणकात दोन चकत्यांची नावे बदलली. पडद्यावर दोन बिंदू उचलले गेले आणि आपापल्या जागी उतरले. नऊच्या नऊ एका रेषेवर आले. खाली सगळी वाळू पश्चिमेची. वर चढावे तशी पूर्वेची येत गेली, आधी थोडी, मग पुष्कळ. पूर्वेच्या डोंगरांतून निघालेली नदी त्या समुद्रापर्यंत कधी पोचली आणि नंतर कशी वाढत गेली, ते पडद्यावर दिसत होते. आता तळ आणि माथा हातात असल्यामुळे तिची सुरुवातही दिसत होती. बातमीच्या धंद्यात इतकी वर्षे काढूनही पहिली ओळ इतकी स्पष्ट मिळाल्याचे मला आठवत नाही. ती मी तिथेच उभ्याने वहीत लिहून घेतली.

“यल्ला, चला,” डॉक्टर म्हणाले. मग आपांना, “यंत्र राहू दे. कराराचा कागद आज पाठवतो. आकडे मात्र इंग्रजी.”

दुपारी मी अहवालात तळटीप घातली. दोन चकत्यांचे क्रमांक बदलले गेले होते, असे इंग्रजीत लिहिले आणि आपांना मराठीत वाचून दाखवले.

“कोणी बदलले ते नाही त्यात.”

“इथे गरज नसते.”

“पेपरवाले, तुम्ही आयुष्यभर लोकांना विचारलंत, कोण म्हणालं. आता माझ्याच वेळी नको?” त्यांनी माझ्यापुढची खुर्ची ओढली. “लिहा. निवडणाऱ्या बाईने आकडे आपल्या लिपीत कोरले. ते चुकीचे वाचले गेले. निवड बरोबर होती. तिन्ही लिहा, आणि शेवटचं गाळू नका.”

मी तसे लिहिले. डॉक्टरांनी त्यातला एकही शब्द काढला नाही.

आपा टेबलाकडे परतल्या. त्या आठवड्यात नव्या बाटल्या आल्या होत्या. त्यांनी पहिली आणि शेवटची उचलून बाजूला ठेवली, दुसरी उघडली, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावताना मान न वळवता म्हणाल्या, “जाताना दार लावून जा.”