किल्लेदार रस प्यायला गेला
किल्ल्याची गोष्ट म्हणल्यावर तुमी तलवारी काढल्या असतील तर म्यानात घाला, कारण हितं एकबी तलवार चालली न्हाई. परवा उंब्रजला कढत काकवीचा वास आला आन् आमचा पाटावरचा किल्ला आठवला. शाळेत असताना मी एक खेळ काढलेला. पाटावर खडूनं किल्ला काढायचा, गोष्ट मी सांगायची, गोष्टीतल्या गड्यांनी काय करायचं ते दोस्तांनी ठरवायचं आन् जमलं का न्हाई ते कवड्या टाकून बघायचं. किल्लेदाराला आवाज मी एकाहत्तरच्या लढाईतनं आलेल्या फौजी चुलत्याचा द्यायचो. सगळे त्यासाठीच यायचे. त्या रविवारी चोरवाट, भुयार, सगळं तयार ठेवलेलं, तर एक दोस्त म्हणला, "आमी किल्ल्यावर येतच न्हाई गड्या. किल्ल्याच्या खाली गुऱ्हाळ हाय असं धर, तिथं रस पितो." दुसरा म्हणला, "व्हय, लय ऊन हाय." खेळ मोडला असता तर दोघं विहिरीवर पवायला पळाले असते. पण मी काय कच्चा न्हाई. "प्या की," म्हणलं, "पण रस उकळायच्या काहिलीच्या पलीकडं कोण बसलंय बघा." आन् चुलत्याचा आवाज लावला, "कौन है रं तिकडं? हात ऊपर!" दोघंबी दचकून कवड्या शोधायला लागले. मी खुशीत, तवर मागनं त्योच आवाज आला, खराखुरा. चुलते दारात हुबे. वाटलं, नक्कल केली म्हणून कान जाणार. कान गेलाच, पण बोलणी येगळीच बसली आन् ती अजून पाठ हायत, "किल्लेदार पोस्ट सोडून रस प्यायला जातो व्हय रं, गाढवा?"