नाव घेते, शिक्का द्या

माझ्या नवऱ्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही. मुलं हसतात, सुना हसतात, हसोत बापडी. ज्या नावापायी माझं विलायतेला जाणं अडलं होतं, ते असं उठल्यासुटल्या कागदावर उतरवायला हात धजत नाही.

गोष्ट सत्तर सालापुढची. माहेर शेलूचं, सासर पोशीरचं, दोन्हीकडे भातशेती. हे मात्र लहानपणीच काकांबरोबर इंग्लंडला गेलेले, तिथे कारखान्यात लागलेले, तिथलेच नागरिक झालेले. लग्नापुरती रजा काढून आले आणि माझी हळद उतरायच्या आत परत गेले. माझ्या वाट्याला एक फोटो आणि 'कागद झाले की ये' एवढं वाक्य आलं.

मग गावभर वकील निपजले. कुणी म्हणे, बायकोला वर्षभर ठेवतात आणि परत धाडतात. कुणी म्हणे, उतरल्या उतरल्या आपला पासपोर्ट काढून घेतात. शेवटी माझ्या मामांनी, ते कर्जतला शाळेत मास्तर होते, सगळं नीट समजावलं. तिथल्या नागरिकाची बायको म्हणून आधी मुंबईत मुलाखत, मग प्रवेशाचा परवाना. तिथे पोचलं की कायम राहायची मुभा. पुढे वाटलं तर भारतीयच राहायचं, नाहीतर नवऱ्याच्या नात्याने तिथलं नागरिकत्व मागायचं. पण ते घेतलं की इथलं सोडावं लागणार.

"म्हंजी माजी पोर माजी नाय रानार?" आईने विचारलं.

"पोर तुझीच गं," मामा म्हणाले. "कागद तेवढा बदलतो. आणि ते लांबचं हाय. आधी मुलाखत तर पार पडू दे."

त्या मुलाखतीचीच धास्ती होती. हे नवराबायको खरे नव्हेत असं साहेबाला वाटलं, की अर्ज नामंजूर. पुन्हा दाद कधी लागेल ते देव जाणे. नवऱ्यावाचून सासरी राहणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते मला तेवढ्या दिवसांत पुरतं कळलं होतं. मला जायचं होतं. सासरे रोज ओटीवर बसवून माझी उजळणी घ्यायचे. यांच्या घराला खोल्या किती, कारखान्यात काय बनतं, काकांना मुलं किती, लग्नात जेवणाला काय होतं. मी पोपटासारखी बोलायला लागले. एक प्रश्न मात्र घरात कुणालाच सुचला नाही. सुचणार कसा? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

मुंबईच्या त्या ऑफिसात साहेबाशेजारी एक दुभाषा होता, हिंदी बोलणारा, मराठी जेमतेम. पहिलाच प्रश्न आला: नवऱ्याचं नाव काय?

"हे," मी म्हणाले.

"ये कौन?"

"हे म्हंजे... आमचे हे."

दुभाषा साहेबाकडे वळला आणि हिला माहीत नाही, असं इंग्रजीत सांगून मोकळा झाला. सातवीपर्यंतचं इंग्रजी तेवढं कळायला पुरेसं होतं. साहेबाने पेन खाली ठेवलं. नाव अगदी ओठांवर होतं. पण हे तिकडे दिवसभर मशीनवर उभे. मी इथे नाव उच्चारायचं आणि तिकडे यांचा हात... छे! मला खरंच तसं वाटत होतं, आज कुणी कितीही हसो.

आणि मग मला राग आला. मला माहीत नाही? माझ्याच नवऱ्याचं नाव? लग्नात घास भरवताना घेतलं होतं, उंबऱ्यावर नणंदेने अडवल्यावर घेतलं होतं. उखाण्यात! उखाण्यात घेतलेलं नाव बाधत नाही. मी ताडकन उभी राहिले, डोक्यावरून पदर घेतला आणि तिथल्या तिथे जुळवलं:

"विलायतेच्या वाटेवर साहेबाचा शिक्का,
...रावांचं नाव घेते, विश्वास ठेवा पक्का!"

गाळलेल्या जागी नाव होतं, चांगलं खणखणीत. मागच्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेली एक बाई खदखदून हसली. "अरे भाऊ, हमारे में नवरे का नाम ऐसेच लेते," तिने दुभाष्याला बजावलं. दुभाष्याने ते साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, पुन्हा म्हणा, सावकाश. मी म्हटलं. त्याने नाव कागदाशी ताडून पाहिलं आणि विचारलं, ते तुम्हाला काय म्हणतात?

"अगं."

दुभाष्याने तो शब्द भाषांतर न करता तसाच पुढे केला. साहेब पहिल्यांदा हसला, आणि त्याने कागदावर शिक्का मारला.

सासरे खाली फाटकाशी उभे होते. "काय इचारलं गं?"

"नाव."

"कुनाचं?"

"यांचं."

"आरं देवा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "त्येवढंच आमी घोकून घ्यायचं ऱ्हायलं की!" मग दोघांनाही हसू आवरेना. नेरळला उतरून त्यांनी घरच्यांसाठी गरम वडे बांधून घेतले.

दारात सासूबाईंनी परवान्याचं विचारलंच नाही. "नाव घेतलंस काय गं?"

"उखाण्यात घेतलं."

"मंग कायबी भ्या नाय," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना शिक्क्याची आठवण झाली.

नागरिकत्वाची मी पुढे बरीच वर्षं घाई केली नाही. कायम राहायची मुभा होती, तेवढी पुरली. आई होती तोवर पासपोर्ट इथलाच ठेवला.

त्याआधी, पहिल्यांदा लंडनच्या विमानतळावर उतरले तेव्हा मात्र पुन्हा एक साहेब आणि पुन्हा तोच प्रश्न. उखाणा तयार होता. पण यांनाही चौकशीला आत बोलावलं होतं. ते पलीकडच्या खिडकीशी पाठमोरे उभे होते, थोडे वाळलेले, दोन्ही हात धडधाकट. उखाणा राहिला बाजूला. मी नुसतं नाव घेतलं, जरा मोठ्यानेच.

हे वळले, आणि म्हणाले, "अगं!"