कॅप न बसवलेली दाढ

१४ जुलै, सोमवार. रक्कम साडेतीन हजार. हजर मी, माझे मालक आणि सासरे, म्हणजे आबा. जागा पणदऱ्याच्या आमच्या घराचा ओटा. विषय माझी खालची उजवी दाढ.

त्या दाढेचं रूट कॅनल बारामतीला तीन खेपांत झालं होतं. सडलेली नस काढून डॉक्टरबाईंनी आत सिमेंट भरलं, त्याचे चार हजार दिले होते. राहिली होती वरची साडेतीन हजारांची कॅप. "नस काढलेली दाढ ठिसूळ होते. कॅपशिवाय ठेवलीत तर फुटेल," असं त्यांनी बजावलं होतं. मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं.

"आता दुखतंय का?" मालकांनी विचारलं.

"न्हाय."

"मग झालं की! वरनं टोपी कशाला?"

"आतली दाढ हाय, कुणाला दिसणार बी न्हाय," सासरे म्हणाले.

आठवड्यापूर्वी याच ओट्यावर जनावरांचा डॉक्टर चहा पिऊन गेला होता. गाईचं सड सुजलं म्हणून त्याला तासाभरात बोलावलं होतं.

"आबा, गाईची सूज तिसऱ्या दिवशी उतरली. मग पाच दिवस सुया का दिल्या?"

"अगं, गाय दूध देती," आबा हसले.

"आन् धार कोण काढतं?"

मालक चपला घालून मळ्याकडे निघून गेले.

मला माझाही राग येतो. मी गप्प बसले आणि सव्वा महिना त्याच दाढेनं चावत राहिले. २० ऑगस्टला जेवताना शेंगदाण्यावर निम्मी दाढ तुटली. कळ आली नाही, रक्त आलं नाही. तुकडा ताटलीत घालून मी मालकांपुढे आदळला.

"बघा. दुखत न्हाय."

ते ताटलीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर दूध घातलं. दर दहा दिवसांच्या बिलाचे पैसे आजवर मालक आणायचे. त्या दिवशी मीच सही करून ते घेतले आणि तशीच एसटीत बसले. डॉक्टरबाई चांगल्याच रागावल्या. मुळं शाबूत होती म्हणून दाढ वाचणार होती, पण आत आधाराला खुंटी बसवून मगच कॅप घालता येणार होती. म्हणजे जुलैत साडेतीन हजारांत झालं असतं, त्याला आता दीड हजार जास्त. या वेळी मी घरी विचारलं नाही.

दुधाच्या बिलातले पाच हजार रुपये डॉक्टरबाईंना रोख मोजून दिले.