कारण लिहून मागणारे सोनकांबळे काका

सोनकांबळे काकांबरोबर भाजी आणायला जायचं म्हणजे तासभर गेलाच म्हणून समजा. टोमॅटो सगळेच निवडून घेतात, पण काका जो टोमॅटो बाजूला ठेवत त्याचं कारण भाजीवालीला सांगत. हा डागी, हा देठाशी मऊ, ह्याला आत पाणी सुटलंय. ती वैतागून म्हणे, काका, घ्यायचे तेवढे घ्या, बाकीच्यांची उणीदुणी कशाला काढता? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "माय, कारण न सांगता बाजूला टाकलं की मालावर अन्याय होतोय."

सवय कंपनीतली. काका मूळचे लातूरकडचे, आणि सगळी उमर त्यांनी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला काढली. तिथे नापास झालेल्या पार्टला लाल टॅग बांधतात. टॅगवर दोष काय तो लिहायचा, खाली सही करायची. नुसतं 'नको' चालत नाही. पुढे हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा उरलेल्या टॅगांचा गठ्ठा स्टोअरवाल्याने काकांना देऊन टाकला, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी तो अख्ख्या जगावर वापरायला काढला. त्यांच्या मुलीचं, शीलाताईचं, एक स्थळ काही न सांगता मोडलं, तर हे पठ्ठे टॅग घेऊन वाकडला मुलाच्या बापाच्या फ्लॅटवर हजर. त्या माणसाने शेवटी कंटाळून लिहिलं, 'मुलगी जास्त शिकलेली आहे.' खाली सही. काकांनी तो टॅग चाळीत घरोघर दाखवला. शीलाताई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, पण टॅग मात्र तिने जपून ठेवला.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीतली. आता तळवड्याला एका युनिटमध्ये क्वालिटीतच आहे, आणि काका केव्हाच गावी परत गेलेत. पण दहावीनंतरचा तो आठवडा आठवला की मला अजून एकटीलाच हसू येतं. मला एका खासगी कॉलेजात मेकॅनिकल डिप्लोमाची सीट लागली होती. आमच्या चाळीतून मेकॅनिकलला जाणारी मी पहिलीच मुलगी. शुक्रवारपर्यंत तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला अर्जाला जोडला तर फीची सवलत, नाहीतर पूर्ण फी. पप्पा कंपनीत कंत्राटावर, त्यांना ती कुठली झेपायला? दाखला नाही तर सीट नाही, इतकं ते सरळ होतं.

सोमवारी पप्पा हाफ डे टाकून तलाठी कार्यालयात गेले. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं आता सुधारलीही असतील. त्या दिवशी भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, बाहेर गेलेले. मंगळवारी बाहेरच्या टेबलावरचा मदतनीस म्हणाला, कागद अपुरे आहेत. कुठला कागद, ते काही सांगेना. चहापाण्याचं बघा म्हणजे होईल, एवढं मात्र हळूच म्हणाला. पप्पा घरी येऊन डोक्याला हात लावून बसले आणि मला रडू फुटलं. चाळीच्या भिंती त्या, पलीकडे सगळं ऐकू जातं. काका चहाचा कप हातात घेऊनच आत आले, माझे कागद एकेक करून तपासले आणि म्हणाले, ह्यात दोष नाही, उद्या मी येतो.

बुधवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले, खिशाला दोन पेनं. मदतनीसाने फाइल उघडलीही नाही. अपुरं आहे म्हणाला. काकांनी खिशातून लाल टॅग काढला, त्याच्यापुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

"साहेब, काय दोष हाय तो लिवा आणि खाली सही करा. आम्ही लगेच रिवर्क, म्हंजी दुरुस्ती, करून आणतो."

"हे काय आता?"

"दोष सापडला म्हणता ना? मग लिवाय काय हरकत हाय?"

आता तो बिचारा लिहिणार काय? त्याने टॅग उलटा केला, सुलटा केला. मागे उभा असलेला एक रिक्षावाला म्हणाला, लिहा ना भाऊ, आम्हालाही कळू द्या. रांगेत हशा पिकला. तो ऐकून भाऊसाहेब आतून उठून आले. काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, आमची काही तक्रार नाही म्हणाले, आणि बोलता बोलता टॅगचा दोरा फाइलीला बांधून टाकला. दोषाची जागा मोकळी ठेवलीय, सवडीने लिहा म्हणाले. भाऊसाहेब टॅगसकट फाइल उचलून आत घेऊन गेले, जाताना उद्या या म्हणाले. काका इतके खूश की रस्त्यात त्यांनी मला उसाचा रस पाजला. मी ग्लास तसाच अर्धा ठेवला. ह्या म्हाताऱ्याने साहेबाला चिडवलं, आता माझी सीट गेली, असंच वाटत होतं.

गुरुवारी काकांची डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख होती, म्हणून मी एकटीच गेले. मदतनीसाने मला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं. भाऊसाहेब तुमच्यावर भडकलेत म्हणाला. काकांचं काय जातंय, सीट तर तुझी जाणार. पाचशे दे, लगेच करून आणतो. मी घाबरले. मम्मीने अडीअडचणीला म्हणून दिलेले पाचशे रुपये मी त्याच्या हातावर ठेवले आणि दहा मिनिटांत दाखला माझ्या हातात आला.

शुक्रवारी अर्ज भरला, सीट पक्की झाली. संध्याकाळी काकांनी जिलेबी आणली आणि टॅगची गोष्ट सांगत खोलीखोलीतून फिरले. चौथ्या खोलीपर्यंत गोष्टीतल्या भाऊसाहेबांचे हात थरथरायला लागले होते. सगळी चाळ हसत होती आणि मला जिलेबी कडू लागत होती. माझी मलाच लाज वाटत होती. शेवटी राहवलं नाही. काका एकटे सापडल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी फक्त दाखल्याची झेरॉक्स मागितली. चष्मा चढवला, आणि एखादा पार्ट तपासावा तशी वरपासून बघायला लागले. बोट सहीखाली येऊन थांबलं.

"तारीख वाच, माय."

मी वाचली. बुधवारची होती.

"आणि तू पैसे कवा दिलीस?"

"गुरुवारी सकाळी."

काका जे हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाले, "अगं, ओके झालेला माल तू पुन्हा इकत घेतलीस की!" मला मात्र हसू येईना. अंगाची आग आग झाली. माझाच कागद, सही होऊन खणात पडलेला, आणि त्या माणसाने तो मलाच विकला होता. काका, तुम्ही जाऊन त्याला विचारा, मी म्हटलं. ते म्हणाले, मी गेटपर्यंत येईन. पुढे तुझं तू बोलायचं.

सोमवारी ते खरंच गेटवर थांबले. मी रांगेत उभी राहिले. टेबलापाशी पोचल्यावर मी म्हटलं, "गुरुवारी तुम्ही माझ्याकडून पाचशे रुपये घेतलेत. सही बुधवारीच झाली होती. माझे पैसे परत द्या." माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही तेव्हाच कळलं. बाहेर उभी असलेली माणसं दारातून डोकावायला लागली. मदतनीसाने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, खिशातून पाचशेची नोट काढली आणि रजिस्टरखालून माझ्याकडे सरकवली.

मी निघालेच होते. माझ्यामागे एक म्हाताऱ्या आजी होत्या, एका हातात कागद, दुसऱ्या मुठीत घडी घातलेली नोट. त्यांनी ती नोट परत कनवटीला खोचली, माझी ओढणी धरली आणि म्हणाल्या, "पोरी, माझ्या कागदात काय कमी हाय, तेवढं इचार की ह्याला." गेटवर काका वाट बघत होते. पण आजींचे कागद घेऊन मी परत टेबलाकडे वळले.